असं म्हणतात, मी म्हणत नाही

आधी मला काय येत नाही ते सांगते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाईट आहे, ओळ सरळ सुरू होते आणि पानाच्या कडेला जाईपर्यंत वर चढते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. उकारांबद्दल तर पुढे येईलच. हे कधी कोणाच्या हाती लागलं तर चुका माफ करा. एखाद्या शब्दाची शंका आली की मी तो रद्दीच्या वर्तमानपत्रात शोधते आणि बघून उतरवते. कणसं गुंडाळून द्यायला रद्दी लागतेच, त्यामुळे शब्दांची कमी नाही. वेळ मात्र फार जातो.

अशी सुरुवात करायची पद्धत माझी नाही. ती मी एका माणसाकडून घेतली. कसब्यातल्या ज्या बोळात माझी कणसाची शेगडी आहे, तिथे ते दर रविवारी माणसांचा घोळका घेऊन यायचे. तोंडाशीच थांबायचे, मिटलेली काळी छत्री वर करायचे आणि म्हणायचे, "आधी मला काय माहीत नाही ते सांगतो."

पैसे भरून पुणे बघायला आलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. आपण गाईड घेतला, आणि तो माहीत नाही म्हणतो.

ते मात्र शांतपणे सांगायचे. हा वाडा कोणी बांधला, मला माहीत नाही. ती विहीर किती खोल आहे, माहीत नाही. समोरच्या घरात कोण राहतं ते माहीत आहे, पण तुम्हाला सांगायचं कारण नाही. एवढं झालं की छत्री खाली यायची आणि मग जे माहीत होतं ते सुरू व्हायचं. ते पुष्कळ होतं.

सगळे त्यांना सर म्हणायचे. शिकवायला ते कधीच नव्हते. खडकीच्या फॅक्टरीत स्टोअरला होते. आलेला माल तपासायचा आणि कागद असेल तरच आत घ्यायचा, हे काम त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त झाल्यावर कोथरूडला राहायचे. बायको गेल्यावर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. एकट्याने चालायचा कंटाळा आला म्हणून माणसं बरोबर घेतली, असं ते एकदा म्हणाले. पैसे का घेता, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "फुकट असतं तर तुम्ही उशिरा आला असता."

उंच, वाळके, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. पाऊस असो नसो, छत्री हातात. तिच्या टोकाने ते खिडक्या, कोनाडे, दगडातली फुलं दाखवायचे. बोटाने कधी दाखवलं नाही. बोट दाखवणं उद्धटपणाचं, म्हणायचे.

तुम्हाला माहीत असेल, पुण्यात देवांनाही टोपणनावं आहेत. उपाशी विठोबा आहे, पासोड्या विठोबा आहे, जिलब्या मारुती आहे. बाहेरगावच्या माणसांना या नावांचं फार हसू येतं आणि त्यामागची गोष्ट ऐकायची असते. सर गोष्ट सांगायचे. पासोड्या, म्हणजे जाडीभरडी पांघरुणं, विकणारे देवळासमोर बसत, वगैरे. सगळं सांगून झालं की छत्री टेकवून म्हणायचे, "असं म्हणतात. मी म्हणत नाही."

हे त्यांचं वाक्य. एका रविवारी ते मी कितीदा तरी ऐकायची. जे कुठे लिहिलेलं सापडलं ते ते स्वतः म्हणायचे, आणि जे फक्त ऐकलं ते लोकांच्या नावावर टाकायचे. मालाचे दोन ढीग असावेत तसे.

माणसं त्यांना डिवचायची. पुणं बघायला येणाऱ्यांना आता नुसते वाडे पुरत नाहीत. त्यांना मिसळ पाहिजे, दारावरच्या तिरकस पाट्यांचे फोटो पाहिजेत, आणि भूत पाहिजे. "सर, शनिवारवाड्यात खरंच भूत आहे का?" एका बाईंनी माझ्यासमोर विचारलं होतं.

"मी संध्याकाळी सहाला घरी जातो," सर म्हणाले. "त्याची आणि माझी वेळ जमत नाही."

"आणि दुपारी दुकानं बंद का असतात हो इथे?"

"जेवतात. तुमच्याकडे जेवत नाहीत का?"

त्या बाई नागपूरकडच्या होत्या. त्या इतक्या हसल्या की त्यांनी माझ्याकडून चार कणसं घेतली.

माझ्याशी सर फारसं बोलायचे नाहीत आणि मीही कमी बोलते. चालून चालून माणसं दमली की ती शेगडीजवळ थांबायची, म्हणून माझा रविवार बरा जायचा. सरांना मी एकदा कणीस तसंच देऊ केलं. त्यांनी पैसे काढून ठेवले. "ताई, फुकट घेतलं तर तुमच्याबद्दल चांगलं बोलावं लागेल," म्हणाले. मी घाबरले. मग त्यांनी कणीस संपवलं आणि घोळक्याला सांगितलं, "बरं आहे. फार नाही, बरं आहे." त्या दिवशी सगळी कणसं संपली.

माझ्या शेगडीच्या मागे भिंतीत एक कोनाडा आहे आणि कोनाड्यात मारुती. हातभर उंचीचा, शेंदराने डोळेसुद्धा बुजत आलेले. शनिवारी कोणीतरी तेल घालतं, रोज मी उदबत्ती लावते. त्याला तेव्हा नाव नव्हतं. सर त्याच्यासमोरून जाताना म्हणायचे, "हा मारुती." एवढंच, आणि पुढे.

कोनाड्याशेजारी एका खिळ्याला माझी पाटी असते. काळा रंग दिलेला पत्रा आणि खडू. पाटी माझी मुलगी लिहायची. ती लग्न होऊन बिबवेवाडीला गेली, आणि तिने शेवटचं लिहिलेलं हळूहळू पुसट झालं. मग एका रविवारी सकाळी मीच खडू घेतला. दोन ओळी लिहायच्या होत्या. मका, आणि त्याखाली, गरम गरम मिळेल. दुसरी ओळ मला जमली. पहिली लिहून मी लांब जाऊन बघितलं तर म एकटाच उघडा उभा आहे असं वाटलं. शाळेत बाई सारख्या म्हणायच्या, तुझे उकार राहतात. म्हणून मी म च्या पायात एक उकार दिला. आता बरं दिसतं असं मला वाटलं. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, लांबून वाचता येईल असं.

मका लिहायच्या जागी मी काय लिहिलं ते तुमच्या लक्षात आलं असेल. आणि त्याखाली, गरम गरम मिळेल.

सकाळपासून दोनचार माणसं पाटीकडे बघून हसत गेली. मला वाटलं, अक्षर बघून हसतात.

त्या दिवशी सरांबरोबर एका ऑफिसातली तरुण मुलंमुली होती. काहींच्या गळ्यात सुट्टीच्या दिवशीही ओळखपत्रं. त्यातल्या एका चष्मेवाल्याने पाटी आधी वाचली. "अरे, अरे, हे बघ! केवढ्याला रे?" दुसरा म्हणाला, "मावशींना विचार." मुली तोंडावर हात ठेवून मागे वळल्या. चष्मेवाल्याने मोबाईल वर धरला, पाटी आणि मी दोघी एका चौकटीत येऊ अशा बेताने. मी कणीस हातात घेऊन उभी. माझं काहीतरी चुकलंय एवढं कळलं, काय ते कळलं नाही.

सर पुढे होते. ते मागे आले. त्यांनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरकून भिंतीला टेकून उभे राहिले. दमल्यासारखे. त्यांना भिंतीला टेकलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. खांदे त्यांनी जरा हलवले. त्यांच्या पाठीखाली पाटीची खालची ओळ होती.

मग त्यांनी छत्री वर केली.

"हा मुका मारुती," सर म्हणाले. "पाटीवर नाव लिहिलेलं आहे. हसण्यासारखं काय आहे?"

चष्मेवाल्याचा मोबाईल खाली आला.

"याच्यासमोर बोलत नाहीत. जे मागायचं ते मनात मागायचं. हसायचं तर अजिबात नसतं." आणि ते गप्प उभे राहिले.

ती सगळी मुलं गप्प झाली. एकीने हात जोडले, मग सगळ्यांनी जोडले. बोळात आमच्या कायम गलका असतो, पण तेवढा वेळ माझे कोळसे तडतडताना ऐकू येत होते. सर भिंतीपासून बाजूला झाले तेव्हा पाटीवर एकच शब्द उरला होता. चष्मेवाल्याने आता फोटो काढला तो मारुतीचा आणि त्या शब्दाचा.

घोळका पुढे निघाला. सर मागे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, म च्या पायातलं काढून टाका." मी तरी बघतच राहिले. मग त्यांनी स्वतःच अंगठ्याने उकार पुसला. तेव्हा मला वाचता आलं, आणि आधी काय होतं तेही कळलं. मला रडू आलं असतं, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. "मारुतीला नाव नव्हतं ते बरं झालं," एवढं म्हणून गेले. पाठीवर खडूचा पांढरा पट्टा होता. तो तसाच घेऊन त्यांनी उरलेलं पुणं दाखवलं.

सर त्या दिवशी "असं म्हणतात" म्हणाले नव्हते. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. त्यांच्या लक्षात लगेच आलं असणार.

पुढच्या रविवारपासून माणसं मुका मारुती शोधत येऊ लागली. त्या मुलाचा फोटो मोबाईलवरून कुठे कुठे गेला होता. मेट्रो झाल्यापासून कसब्यात उतरून चालत येणारे वाढलेच होते, त्यात ही एक जागा झाली. माणसं यायची, ओठ मिटून उभी राहायची, जायची. जाताना कणीस घ्यायची. माझी पाटी आता बरोबर होती, मका. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

सरांना विचारलं तर ते म्हणायचे, "नाव मला माहीत नाही."

"अहो सर, नेटवर आहे. मुका मारुती."

"असेल. मी नेटवर राहत नाही."

मग बोळातल्या मंडळाच्या पोरांनी ऑईलपेंट आणून कोनाड्यावर श्री मुका मारुती असं रंगवलं. उकार बरोबर दिला होता. सरांनी ते वाचलं आणि बराच वेळ छत्री टेकून उभे राहिले. नंतर शेगडीजवळ आले. त्यांचा चेहरा हलका झालेला दिसला.

"ताई, आता म्हणतात," ते म्हणाले. "आता मी सांगू शकतो."

त्या दिवसापासून ते मारुतीसमोर थांबू लागले. "याला मुका मारुती म्हणतात. का, ते विचारू नका." पर्यटकांसाठी पुस्तिका काढणारी एक मुलगी मात्र विचारायला आलीच. वही काढून म्हणाली, "सर, नावाचा उगम?"

"अलीकडचा आहे. मला माहीत आहे. सांगणार नाही."

"मग मी काय लिहू?"

"लिहा, असं म्हणतात."

ती हिरमुसून गेली. मी कणसं फिरवत होते. मी मान वर केली नाही.

पण त्या जागेचं एक बरं झालं, हे सांगायला पाहिजे. माणसं तिथे खरंच गप्प बसायची. भांडत आलेले नवराबायको गप्प उभे राहायचे आणि जाताना त्यांचा आवाज खाली आलेला असायचा. एक म्हातारे गृहस्थ रोज येऊन नुसते उभे राहायचे. सर एकदा बघत बघत म्हणाले, "पुण्यात गप्प बसायला एक जागा झाली. तीही चुकून."

तोपर्यंत ठीक होतं. मग तो चष्मेवाला परत आला.

त्याने ऑफिस सोडलं होतं आणि तोही लोकांना पुणं दाखवू लागला होता. डोक्यावर पगडी, कमरेला छोटा स्पीकर, तोंडाशी माईक. पोरगा हुशार होता, आवाज चांगला होता. पन्नास-पन्नास माणसं त्याच्यामागे असायची. मारुतीसमोर तो सांगायचा, फार वर्षांपूर्वी एका सरदाराची मुलगी जन्मापासून मुकी होती. तिने या मारुतीला मनातल्या मनात नवस केला, आणि मारुतीने आपली वाचा तिला दिली. तेव्हापासून मुलगी बोलू लागली आणि मारुती मुका झाला.

ऐकायला छान होतं. मला स्वतःला पहिल्यांदा ऐकताना काटा आला, खरं काय ते माहीत असून.

सर एकदा घोळक्याच्या मागे उभं राहून ते ऐकत होते. संपल्यावर पुढे गेले. "कुठल्या साली झालं हे?"

"सर! नमस्कार सर." तो वाकला. "साल कोण विचारतं, सर? लोकांना स्टोरी लागते. नुसतं माहीत नाही माहीत नाही म्हटलं तर कोण येणार पुण्याला?"

"तुम्हाला कोणी सांगितली?"

"उरलेली मी बसवली. पण नाव तर तुमच्याच तोंडून ऐकलं, सर. याच जागी. तुम्ही स्वतः म्हणालात."

सरांनी छत्री काखेत मारली आणि आल्या वाटेने परत गेले. 

त्यानंतर थोड्या दिवसांनी भोरकडची एक बाई आली. बरोबर पाचेक वर्षांची मुलगी. बाई एसटीने, मग बसने, विचारत विचारत आली होती. तिने मुलीला कोनाड्यासमोर उभं केलं आणि आपणही उभी राहिली. खूप वेळ. मुलगी माझ्या शेगडीतल्या ठिणग्या बघत होती. रविवार होता. सर येऊन थांबले. घोळक्याला त्यांनी पुढच्या चौकात थांबायला सांगितलं.

"बोलत नाही का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई हो. हाक मारली तरी बघत न्हाई. मोबाईलवर दाखवलं धाकट्या दिरानं, हितं वाचा फुटती म्हणून."

सर खाली बसले. त्यांना गुडघ्यांचा त्रास होता, तरी बसले. मुलीच्या मागे जाऊन त्यांनी छत्रीची मूठ जमिनीवर जोरात आपटली. मी दचकले, तिची आई दचकली. मुलगी ठिणग्या बघत राहिली.

"हिला ऐकू येत नसावं," सर उभे राहत म्हणाले. "मी डॉक्टर नाही. पण आधी कान दाखवा. मारुती इथेच आहे, तो कुठे जात नाही." त्यांनी घोळक्यातल्या माणसांचे पैसे परत केले, रिक्षा थांबवली आणि दोघींना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. संध्याकाळी ते एकटेच परत आले आणि माझ्या स्टुलावर बसले. आजवर कधी बसले नव्हते.

"तपासण्या करायच्यात. नाव नोंदवून दिलंय," म्हणाले. मग म्हणाले, "त्या दिवशी कोणी म्हणत नव्हतं, ताई. मी एकट्याने म्हटलं. आणि त्याचे पैसे घेतले."

मला म्हणायचं होतं, माझ्यासाठी म्हटलंत.  मी त्यांना पाणी दिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पैसे परत करायला घेतले. त्यांचा हिशोब सरळ होता. माणशी दोनशे घ्यायचे आणि दहा जागा दाखवायचे, म्हणजे जागेला वीस रुपये. मारुतीला नाव दिलं त्या रविवारच्या सगळ्या मुलामुलींचे पत्ते त्यांनी मिळवले आणि बसने जाऊन प्रत्येकाच्या हातात वीस रुपये दिले. मोबाईलवरून पाठवा, असं मुलं म्हणायची. सर म्हणायचे, "हातात दिले म्हणजे दिले." कारण एवढंच सांगायचे, त्या दिवशी एका जागेची माहिती चुकीची दिली गेली. कुठल्या जागेची, ते सांगायचे नाहीत. मुलं हसून घ्यायची. एकीने म्हणे त्यांना पोहे केले. एकजण परदेशी गेला होता, त्याच्या आईने सही करून घेतले. सर येऊन मला सांगायचे, "आज बाणेर झालं." "आज खडकी." स्टोअरमधला माल सुटावा तसं.

शेवटी एकच राहिला. पगडीवाला.

ते माझ्यासमोरच झालं. सरांनी नोट पुढे केली. त्याने हात मागे घेतले.

"कुठली माहिती चुकीची होती, सर?"

"ते सांगता येणार नाही."

"मग मी घेऊ कसे? आधी चूक सांगा."

"माझी चूक मी सांगतोय. दुसऱ्याची मी सांगणार नाही."

"म्हणजे या मारुतीचंच ना?" तो कोनाड्याकडे बघून म्हणाला. "सर, मी हे वीस रुपये घेतले तर उद्यापासून इथे काय सांगू? माझं अर्धं पब्लिक या मारुतीसाठी येतं. तुम्ही पुरावा द्या, मी सांगणं बंद करतो."

पुरावा तीन हातांवर कणसाला लिंबू चोळत होता. सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर त्याला कळलं असतं. नोट घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि निघाले.

तो दोनदा आला, दोनदा सरांनी नोट काढली, दोनदा तेच. वाचा फुटल्याची गोष्ट चालू राहिली.

मग सरांचे गुडघे फारच बिघडले. शेवटच्या वेळी आले ते रिक्षाने, घोळका नव्हता. "चाला म्हणणारे डॉक्टर आता चालू नका म्हणतात," मला म्हणाले. "असं ते म्हणतात." पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. ती वीसची नोट त्यांनी माझ्या स्टुलावर ठेवली आणि उडू नये म्हणून वर लिंबू ठेवलं. "तो कधी घेईल तेव्हा द्या. काही सांगू नका, ताई. नुसते द्या."

त्यांनी त्याही दिवशी कणीस विकत घेतलं. अर्धंच खाल्लं. "बरं आहे," म्हणाले.

पावसाळ्याच्या आधी ते गेले. त्यांच्या वॉकला येणाऱ्या एका बाईंनी येऊन सांगितलं. मी त्या दिवशी शेगडी लावली होती, ती तशीच लावलेली ठेवली. कणसं मात्र एकदोन जळली.

नोट मी मारुतीच्या फोटोमागे घरी ठेवली होती. ती रोज येताना बरोबर आणायची आणि रोज परत न्यायची. तो यायचा, पन्नास माणसं यायची, स्पीकर लागायचा, मुलीला वाचा फुटायची. मी नोट काढायची नाही. नुसते द्या, सर म्हणाले होते. पण नुसते तो घेणार नव्हता, हे मला माहीत होतं आणि सरांनाही माहीत असणार.

एका शनिवारी तो एकटाच आला. पगडी नव्हती. कणीस मागितलं. सर गेल्याचं त्याला कळलं होतं. "चांगला माणूस होता, मावशी," तो म्हणाला. "पण हट्टी. वीस रुपयांसाठी माझ्या मागे लागले होते."

मी नोट काढून त्याच्यासमोर धरली. त्याने ओळखली. त्याने मान हलवली. "नको मावशी, तुम्ही ठेवा. मी त्यांना पण सांगितलं होतं, आधी सांगा—"

"मका होता त्यो," मी म्हणाले.

"काय?"

मी खडू घेतला. पाटीवर मका लिहिलेलं होतंच. त्यातल्या म च्या पायात मी उकार दिला, तेव्हा दिला होता तसाच. त्याखाली दुसरी ओळ लिहिली, गरम गरम मिळेल. ओळ वर चढली. मग बाजूला झाले.

त्याने वाचलं. त्याला हसू येणार म्हणून मी जमिनीकडे बघत उभी राहिले. हसू आलं नाही. जरा वेळाने वर पाहिलं तर तो पाटीच्या खालच्या ओळीकडे बघत होता, जिथे तेव्हा सरांची पाठ होती.

"मी फोटो काढत होतो," तो म्हणाला. "तुमचा."

"व्हय."

"भिंतीला टेकले होते ते."

"शर्ट खराब झाला त्यांचा."

 तो कणसाचे पैसे देऊन गेला. वीसची नोट माझ्या हातातच राहिली. मी पाटी पुसली आणि पुन्हा मका लिहिलं, उघडाच.

दुसऱ्या दिवशी तो घोळका घेऊन आला. स्पीकर होता, पगडी होती. मी पाठ फिरवून कोळशांना वारा घालत होते.

"याला मुका मारुती म्हणतात," त्याचा आवाज आला. "का म्हणतात, ते मला माहीत नाही. इथे बोलत नाहीत. कोणाला बोलता येत नसेल तर त्याला डॉक्टरकडे न्या, इथे आणू नका. मोबाईल बंद करा."

"आणि ती मुलीची स्टोरी?" कोणीतरी विचारलं. "रीलमध्ये आहे ती?"

त्याने पगडी नीट केली. "असं म्हणतात," म्हणाला.

माणसं गप्प उभी राहिली. मग पुढे सरकली. त्याने माईक बाजूला केला, माझ्याकडे आला आणि उजवा हात पुढे केला.

"द्या, मावशी. सरांचे वीस रुपये."

मी दिले. त्याने नोट उलगडून दोन्ही बाजूंनी बघितली. "सगळे मिळाले," म्हणाला, आणि खिशात ठेवून घोळक्याच्या मागे गेला.